नागमोडी रेघ नसलेली प्रत

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक गोष्ट आम्ही पहिल्याच तासाला सांगून टाकतो. पोथीत चूक आढळली की ती दुरुस्त करण्याआधी ती कोणाची आहे हे ठरवावे. ती कवीची असेल, लेखनिकाची असेल, कागद खाणाऱ्या कसरीची असेल किंवा अक्षर नीट न लागलेल्या आपली स्वतःचीही असेल. चार शक्यतांचे चार उपाय आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर पोथी सुधारण्याऐवजी बिघडते. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. वाङ्मयाच्या अभ्यासाबाहेर या शहाणपणाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर आता आम्ही आमच्या महाविद्यालयातल्या सर्व्हरची हकीकत सांगतो. वाचकांपैकी अनेकांना यंत्रांचा कंटाळा असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. गोष्ट शेवटी पाठाचीच आहे.

आमच्या मराठी विभागाकडे जात्यावरच्या ओव्यांच्या २१४ कॅसेट आहेत. १९९८ ते २००६ या काळात विद्यार्थ्यांनी आसपासच्या खेड्यांत हिंडून त्या भरल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहापुढे हे काम फार लहान आहे. पण गायिका आमच्या पंचक्रोशीतल्या, बोली आमची, आणि त्या गायिकांपैकी बहुतेकजणी आता हयात नाहीत. कॅसेटच्या फितीला बुरशी धरू लागली, तेव्हा सारे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवायचे ठरले. ते जिथे ठेवले तो सर्व्हर महाविद्यालयाचा सामाईक होता. हजेरी, निकाल, ग्रंथालयाची देवघेव आणि आमच्या ओव्या एकाच पेटीत नांदत होत्या. ही सामाईक नांदणूक पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून तिची नोंद येथेच करून ठेवतो.

या पेटीत एकेक टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क होत्या. हार्ड डिस्क ही मूलतः फिरती तबकडी. १९५६ साली आयबीएमने पहिले असे यंत्र विकायला काढले, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते. तिची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, आणि वाचणारे-लिहिणारे हेड तिला न टेकता, केसाच्या जाडीशी तुलनाच होऊ नये इतक्या कमी अंतरावरून तरंगत जाते. असे यंत्र कधीतरी बंद पडणार हे उघड आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत दहा-पंधरा लाख तासांचे सरासरी आयुष्य छापलेले असते. त्यावरून हिशेब केला तर वर्षाला शंभरातली एकही डिस्क बदलावी लागू नये. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात दोन ते चार टक्के डिस्क दरवर्षी बदलाव्या लागतात आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत जाते असे दिसले.

डिस्क जाणारच हे गृहीत धरून एक युक्ती फार पूर्वी काढण्यात आली. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तिला ‘रेड’ असे नाव दिले. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि मजकुराबरोबर थोडा जादा मजकूर असा ठेवायचा की एक डिस्क गेली तरी तिच्यावरचे सारे उरलेल्यांवरून पुन्हा काढता यावे. आमच्यासारख्या आकडेमोडीला बिचकणाऱ्यांसाठी उदाहरण असे: तीन डिस्कांवर ३, ५ आणि ४ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज १२. ५ असलेली डिस्क गेली तर १२ मधून ३ आणि ४ वजा करायचे. ५ परत हाती येतो. प्रत्यक्षात बेरीज नसते, बिटांची सम-विषमता असते आणि बेरजेची जागा चारही डिस्कांवर आलटून-पालटून फिरते. पण तत्त्व हेच. डिस्कांवर मजकूर वाटून देणे, बेरीज ठेवणे आणि गरज पडली तर हरवलेले काढून देणे हे सारे काम एक वेगळे कार्ड करते. त्याला कंट्रोलर म्हणतात. डिस्क या पोथ्या धरल्या तर कंट्रोलर हा लेखनिकही आहे आणि वाचकही.

२०१८ च्या जूनमध्ये सर्व्हर केकाटू लागला. तिसऱ्या खान्यातली डिस्क निकामी झाली, असे कंट्रोलरने जाहीर केले. देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे होते त्यांचा माणूस आला, त्याने नवी डिस्क बसवली. आठ-दहा तास कंट्रोलरने बेरजा-वजाबाक्या करून नव्या डिस्कवर जुना मजकूर लिहून काढला. या क्रियेला सगळे ‘रिबिल्ड’ म्हणतात. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झाले, सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा तेच. दर वेळी डिस्क बदलली, दर वेळी रिबिल्ड झाले, दर वेळी हिरवा दिवा लागला. ऑक्टोबरात चौथ्यांदा घंटा वाजली आणि कंत्राटदाराचा माणूस चौथी डिस्क घेऊन यायला निघाला, तेव्हा संगणक प्रयोगशाळेतले साहाय्यक, ज्यांना सगळे महाविद्यालय भाऊ म्हणते, आमच्या विभागात आले.

“सर, मॅडम, त्याला जरा थांबवा,” ते म्हणाले. “डिस्का तीन गेल्या म्हणतोय. पण खाना एकच आहे.”

या एका वाक्यात पाठचिकित्सेचा अर्धा अभ्यासक्रम आला होता. तीन वेगळ्या पोथ्यांत त्याच ओळीला तोच भ्रंश आढळला तर पोथ्यांकडे बघण्यात अर्थ नसतो; त्यांना जोडणाऱ्या समान दुव्याकडे बघायचे असते. डिस्क निकामी झाली हे आम्हांला कोणी सांगितले होते? कंट्रोलरने. डिस्क गैरहजर असल्याचा अहवाल देणारा, तिच्याशी बोलण्याचा एकमेव मार्ग ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि दोष असू शकेल अशांपैकी एक, हे तिन्ही एकच होते. फिर्यादी, साक्षीदार आणि संशयित एकाच अंगरख्यात उभे होते.

कंत्राटदाराने काढलेल्या तिन्ही डिस्क सुदैवाने कपाटात होत्या. भाऊंनी त्या एकेक करून दुसऱ्या साध्या संगणकाला जोडल्या आणि त्यांची जबानी घेतली. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच्या पोटात ठेवत असते. या नोंदींना ‘स्मार्ट’ म्हणतात आणि त्या डिस्कबरोबर कुठेही जातात. त्यांतल्या तीन-चारच आपल्या कामाच्या. क्रमांक ५ ची नोंद सांगते की किती जागा खराब झाल्या आणि त्यांच्याऐवजी राखीव जागा वापराव्या लागल्या. १९७ सांगते की किती जागा वाचता येत नाहीत आणि निर्णयाची वाट पाहत आहेत. या दोन्ही वाढल्या तर तबकडीतच खोट आहे. १९९ मात्र वेगळे सांगते. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यात केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्याबरोबर एक पडताळ्याचा आकडा असतो. तो जुळला नाही की गाठोडे पुन्हा पाठवावे लागते आणि ही नोंद एकाने वाढते. म्हणजे ५ आणि १९७ या पोथीच्या व्यथा, १९९ ही वाटेतली.

पहिल्या दोन डिस्कांत ५ आणि १९७ शून्य होत्या आणि १९९ हजारांत होती. संपूर्ण तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पाहिली. एकही अक्षर अडले नाही. म्हणजे निकामी म्हणून बाहेर काढलेल्या या दोन्ही डिस्क धडधाकट होत्या. तिसरीची गोष्ट वेगळी होती. तिच्यात १९७ खाली काही मोजक्या जागा होत्या, आणि ती घरगुती संगणकाची डिस्क होती. घरगुती डिस्क आणि सर्व्हरची डिस्क यांत एक स्वभावभेद असतो. एखादी जागा वाचता येईना तर घरगुती डिस्क ती पुन्हा पुन्हा, प्रसंगी मिनिटभरसुद्धा, वाचून पाहत राहते, कारण तिच्याजवळ दुसरी प्रत नाही. सर्व्हरची डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते आणि तसे कळवते. पुढचे कंट्रोलर बेरजेवरून काढतो. अशा कंट्रोलरपुढे घरगुती डिस्क बसवली की ती प्रयत्नात गढलेली असताना हा तिला मेली समजून बाहेर काढतो. तोंडी परीक्षेत विचार करायला वेळ घेणाऱ्या विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांची आठवण झाली.

स्मार्टच्या नोंदी कोऱ्या आहेत म्हणून डिस्क निरोगी, असेही मात्र समजू नये. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या चार प्रमुख नोंदींत मरेपर्यंत एकही इशारा उमटलेला नव्हता. साक्षीदाराने काही सांगितले तर ते मोलाचे. तो गप्प राहिला तर त्यावरून काहीच ठरत नाही. उलट बाजूने, सगळा दोष डिस्कवर टाकण्याच्या सवयीला २००८ च्या एका अभ्यासाने चांगलाच धक्का दिला. इलिनॉय विद्यापीठ आणि नेटॲप यांच्या संशोधकांनी ३९,००० साठवण-यंत्रणांतल्या सुमारे १८ लाख डिस्कांच्या ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. यंत्रणांच्या वर्गानुसार बिघाडांतला डिस्कांचा वाटा २० ते ५५ टक्के निघाला, आणि केबल, जोडण्या यांसारख्या दुव्यांचा २७ ते ६८ टक्के. म्हणजे काही वर्गांत लेखनिकापेक्षा आणि पोथीपेक्षा वाटच अधिक दोषी होती.

आता तिसरा खाना. चाचण्या सुरू करण्यापूर्वी भाऊंनी एक अट घातली, आणि ती कोणत्याही हस्तलिखित-संग्रहालयात शोभली असती: मूळ प्रतीवर प्रयोग नाही. सर्व्हर बंद करून त्यांनी चारही डिस्कांची, फायलींची नव्हे तर प्रत्येक जागेची, जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कांवर काढली. नक्कल काढणारी आज्ञावली मुद्दाम अशी निवडली की जी आधी सोपे, वाचता येणारे सगळे उचलते आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळते. डिस्क मरणोन्मुख असेल तर तिचे उरलेले श्वास एका अवघड अक्षरावर खर्च होऊ नयेत, हा त्यातला विचार. दोन दिवस ही नक्कल चालली. परीक्षा विभागाची घाई, प्राचार्यांची विचारणा, कंत्राटदाराचे “आत्ता डिस्क बदलली असती तर संध्याकाळपर्यंत चालू झाले असते” हे सारे भाऊंनी शांतपणे ऐकून घेतले.

पुढचा तपास तर्कशास्त्राच्या पुस्तकातला वाटावा इतका साधा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्याच्या केबलींची आपसांत अदलाबदल केली. दोष केबलबरोबर सरकला तर केबल दोषी. तो सरकला नाही. मग केबली आपापल्या खान्यांना तशाच ठेवून फक्त त्यांची कंट्रोलरकडची टोके बदलली. आता तिसऱ्या खान्यातली डिस्क कंट्रोलरच्या दुसऱ्या जोडणीला होती आणि दुसऱ्या खान्यातली तिसऱ्या जोडणीला. या वेळी दुसऱ्या खान्यातल्या डिस्कची १९९ वाढू लागली. चार महिने बदनाम झालेला तिसरा खाना शांत झाला. डिस्क निर्दोष, केबल निर्दोष, खानाही निर्दोष. दोष कंट्रोलरच्या तिसऱ्या जोडणीत होता.

येथे गोष्ट संपायला हवी होती. नवे कार्ड आणायचे, तीन डिस्कांचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा यावर एक बैठक घ्यायची आणि चहा प्यायचा. पण कार्ड बाहेर काढल्यावर त्याच्यावरची छोटी बॅटरी फुगलेली दिसली, आणि भाऊंचा चेहरा बदलला.

कंट्रोलरजवळ थोडी स्वतःची स्मृती असते. लिहायला आलेला मजकूर तो आधी तिथे घेतो, “लिहिले” असे सांगून टाकतो आणि सवडीने डिस्कांवर उतरवतो. मध्येच वीज गेली तर ही स्मृती जिवंत ठेवायला ती बॅटरी. बॅटरी मेली की कंट्रोलरने ही सवय सोडून प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरल्यावरच “लिहिले” म्हणायचे असते. आमच्या यंत्रात मात्र बॅटरी असो वा नसो, सवय चालू ठेवावी असा पर्याय कोणीतरी निवडून ठेवलेला होता. त्याने सर्व्हर वेगवान वाटतो. आमच्या गावात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगण्याची गरज नाही, आणि जुना यूपीएस दहा मिनिटांपलीकडे तग धरत नव्हता.

आता मघाच्या बेरजेकडे परत जाऊ. ३, ५, ४ आणि बेरीज १२. हजेरीच्या कारकुनाने पहिला आकडा बदलून ६ केला. ६ डिस्कवर उतरला, बेरीज १५ व्हायची होती, आणि तेवढ्यात वीज गेली. डिस्कांवर आता ६, ५, ४ आणि शिळी बेरीज १२ आहे. रोजच्या वाचनात हे कळत नाही, कारण बेरीज रोज कोणी वाचत नाही. महिन्याभराने कंट्रोलर दुसऱ्या डिस्कला निकामी ठरवतो. नवी डिस्क येते. रिबिल्ड सुरू होते. १२ मधून ६ आणि ४ गेले, उरले २. जिथे ५ होता तिथे कंट्रोलर २ लिहितो आणि हिरवा दिवा लावतो.

यातली क्रूर गंमत वाचकांच्या लक्षात आली असेल. बदल हजेरीच्या आकड्यात झाला होता आणि नाश झाला तो शेजारच्या ५ चा, ज्याला कोणी हातही लावला नव्हता. हा ५ म्हणजे आमची ओवी असू शकत होती. फाइलचे नाव तेच, आकार तोच, शेवटच्या बदलाची तारीख तीच. आत मात्र भलताच मजकूर. या दोषाला तंत्रज्ञांच्या बोलीत ‘राइट होल’ म्हणतात. तो वीज गेल्याने जन्मतो, पण वीज गेल्याने मजकूर मरत नाही. मजकूर मरतो तो रिबिल्डच्या वेळी. पहिली धडधाकट डिस्क जूनमध्ये बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर खरा ५ शाबूत होता. तिला निकामी ठरवून, तिच्या जागी नवी बसवून आणि तिच्यावर अनुमानाने मजकूर लिहून ‘दुरुस्ती’ झाली होती. चुकीच्या निदानावर केलेला बरोबर उपचार तीनदा झाला होता.

आमच्या विषयात याला नाव आहे. मूळ वाचता येईना म्हणून संदर्भावरून अनुमानाने भरलेला पाठ. अनुमान करणे हे पाप नव्हे; त्याशिवाय एकही चिकित्सक आवृत्ती निघाली नसती. प्रश्न असतो तो अनुमान कसे मांडायचे याचा. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिच्यासाठी जी पद्धत घालून दिली तीत एक लहानशी खूण आहे. जिथे संपादकाला पाठाची पुरती खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. वाचकाला त्या रेघेवरून कळते की येथे जमीन भुसभुशीत आहे, पाय जपून टाका. त्याही आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा पुढच्या काळात तिच्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यांना बजावून ठेवले. दोघांची काळजी एकच होती. नंतर आलेले शब्द मूळ शब्दांच्या रांगेत, मूळ शब्दांच्याच वेषात उभे राहता कामा नयेत.

कंट्रोलरजवळ नागमोडी रेघ नाही. त्याने काढलेला २ आणि मूळचा ५ सारख्याच आत्मविश्वासाने वाचून दाखवले जातात. पूर्ण गेलेल्या फाइलचे दुःख निदान कळते. ही प्रत पुरी दिसते, आणि तिच्या पुरेपणावरच संशय घ्यावा लागतो.

संशय घेतला. मे महिन्यात, म्हणजे पहिल्या रिबिल्डपूर्वी, निघालेला वार्षिक बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर होता. त्यात १७१ कॅसेटींचे ध्वनिमुद्रण होते. दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे साऱ्या मजकुरावरून काढलेली एक लहान संख्या. एक अक्षर जरी बदलले तरी ती बदलते. १७१ पैकी नऊ फायलींचे चेकसम जुळले नाहीत. त्यांची तारीख आणि आकार दोन्हीकडे सारखेच होते. त्या नऊ फायली बॅकअपवरून परत आणल्या. बॅकअप मेऐवजी ऑक्टोबरमध्ये निघाला असता तर त्याने बिघडलेल्या नऊ फायलींची इमानदारीने नक्कल केली असती, हेही येथे नोंदवले पाहिजे. प्रत काढणारा अर्थ वाचत नाही.

राहिल्या मेनंतर उतरवलेल्या ४३ कॅसेटी. त्यांची तुलना करायला दुसरी प्रत नव्हती. तेव्हा आम्ही दोघे आणि अकरा विद्यार्थी कानाला यंत्रे लावून बसलो. सुमारे ४३ तासांचे गाणे, एकही क्षण न गाळता. कंट्रोलर मजकूर ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत वाटत होता. आमच्या एकपदरी ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. म्हणजे एक तुकडा बिघडला की सुमारे पाऊण सेकंद गाण्याऐवजी खरखर ऐकू यायला हवी. ती चार ठिकाणी ऐकू आली. तीन ठिकाणची मूळ कॅसेट अजून वाजत होती. ती पुन्हा उतरवून घेतली. चौथीची फीत बुरशीने चिकटून गेली होती आणि सोडवताना नेमक्या त्याच भागात तुटली.

त्या कॅसेटवर घाटातल्या एका वाडीतल्या वृद्धेचा आवाज आहे. ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी त्या वारल्या. ओवी भावाची आहे. तो भेटीला येतो आहे, बहीण वाटेकडे बघते आहे. भावाच्या आधी एक विशेषण असायला हवे, आणि तिथे जात्याची घरघर व आवाज दोन्ही थांबून पाऊण सेकंद नुसती खरखर आहे. यमक त्या शब्दावर नाही, त्यामुळे यमकाचा आधार मिळत नाही. याच गायिकेने याच कॅसेटवर इतर ओव्यांत भावाला तीन वेगळी विशेषणे लावली आहेत, आणि तिन्ही या जागी चपखल बसतात.

विभागात यावर जो वाद झाला तो आम्हांला आमच्या अध्यापनातल्या चांगल्या तासांपैकी एक वाटतो. एका विद्यार्थिनीचे म्हणणे असे की मौखिक परंपरेत एकच एक पाठ नसतोच. आजी दुसऱ्या दिवशी दळायला बसल्या असत्या तर त्यांनीच वेगळे विशेषण घातले असते. मग त्यांच्याच तीन शब्दांपैकी एक, त्यांच्याच आवाजातला, दुसऱ्या ओवीतून उचलून येथे बसवला तर कोणाची फसवणूक झाली? ओवी पुरी होईल, ऐकणाऱ्याला ठेच लागणार नाही. भाऊंनीही सांगितले की हे सहज जमेल आणि सांधा कोणाला ओळखू येणार नाही.

मुद्दा कच्चा नव्हता. मौखिक साहित्याला पोथीचे नियम जसेच्या तसे लावू नयेत, हे आम्हीच वर्गात शिकवतो. आणि खरे सांगायचे तर ती ओवी अखंड ऐकण्याचा मोह आम्हांलाही होता. तरीही आम्ही नकार दिला, आणि त्याचे कारण ‘सांधा कोणाला ओळखू येणार नाही’ याच शब्दांत होते. शब्द बदलण्याचा अधिकार त्या आजींना होता, कारण ओवी त्यांच्या तोंडात जिवंत होती. त्या बदलतील तोही त्यांचाच पाठ. आम्ही बसवलेला शब्द त्यांच्या आवाजातला असूनही त्यांनी तिथे म्हटलेला नसता. तो बेरजेवरून काढलेला २ झाला असता, हिरव्या दिव्यासकट. कंट्रोलरला नागमोडी रेघ ओढता येत नाही. आम्हांला येते. मग आम्ही त्याच्यासारखे का वागावे? लिखित प्रतीत आता त्या जागी चौकटी कंस आहे आणि खाली टीप आहे की येथे ध्वनिमुद्रणात पाऊण सेकंदाचा लोप असून संभाव्य विशेषणे पुढीलप्रमाणे. तिन्ही दिली आहेत. ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणून पाहावे.

सर्व्हर बदलला. नवी यंत्रणा झेडएफएस नावाच्या पद्धतीवर चालते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तीत प्रत्येक तुकड्याचा चेकसम त्या तुकड्यापासून वेगळा ठेवला जातो आणि वाचताना दर वेळी पडताळला जातो. जुन्या मजकुरावर नवा लिहिण्याऐवजी नव्या जागी लिहून मगच खूण हलवली जाते, त्यामुळे शिळी बेरीज मागे उरत नाही. दर महिन्याला एकदा सगळा मजकूर आपणहून वाचून तपासला जावा, असे भाऊंनी लावून ठेवले आहे. आम्हांला तिच्यातले सर्वांत आवडते ते असे की मजकूर बिघडला आणि खरी प्रत कुठेच सापडली नाही, तर ही यंत्रणा काहीतरी रचून देत नाही. वाचता येत नाही, असे स्वच्छ सांगते. साठवणीच्या यंत्राकडून आणि संपादकाकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येत नाही.

कंट्रोलरचे ते कार्ड भाऊंच्या टेबलावर पडून आहे. नव्या विद्यार्थ्यांना ते दाखवतात आणि विचारतात, यात वाईट काय? बहुतेकजण फुगलेल्या बॅटरीकडे बोट दाखवतात.

आजींच्या ध्वनिमुद्रणाचाही चेकसम आता काढून ठेवला आहे, त्या पाऊण सेकंदाच्या खरखरीसकट. ती जागा यापुढे कोणी, माणसाने वा यंत्राने, भरून काढली तर ते आम्हांला कळेल.